छातीतील पू : कोणती तपासणी केव्हा?



न्यूमोनियावर उपचार होऊनही ताप हटत नसेल, तर फुप्फुसाच्या आवरणात पू साचल्याची शंका घ्यावी. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत साधारणतः २०० मिलिलिटर द्रव साचल्यावर तो स्पष्ट दिसतो. सोनोग्राफी त्याहून पुष्कळ कमी द्रव दाखविते. द्रवातील पडदे तीत सी.टी. स्कॅनपेक्षा ठळक दिसतात, क्ष-किरणांचा संपर्क टळतो आणि सुई कोठे घालावी हेही कळते. पू आवरणात आहे की फुप्फुसातील गळूत, हा भेद मात्र सी.टी. स्कॅन उत्तम दाखवितो. अंतिम निर्णय सुईने काढलेल्या द्रवावरूनच होतो. पू निघाल्यास नळी घालण्यास विलंब करू नये; कालांतराने आवरण जाड होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून सोनोग्राफी वेळेवर करून घेण्यातच रुग्णाचे हित आहे.