पुस्तके पोहोचली, पण कोणापर्यंत?



पदवीनंतर शिक्षणविषयक संशोधनासाठी परदेशी विद्यापीठांत जाणारे तरुण आता आपल्या परिचयाच्या घरांतूनही दिसतात. त्यांच्या प्रबंधाचा विषय पुष्कळदा विकसनशील देशांतील शाळा हा असतो. अशा अध्ययनातून त्या शाळांतील मुलांच्या पदरी काय पडते, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. या संदर्भात केनियातील एक प्रयोग मुळातून समजून घेण्यासारखा आहे.

पश्चिम केनियातील बुसिया परिसरात १९९६ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेने २५ शाळांना पाठ्यपुस्तके पुरवली. तेथे एकेका पुस्तकात अनेक मुलांना डोकवावे लागे. तेव्हा पुस्तके मिळाली की मुले शिकतील, असे कोणालाही वाटावे. मायकेल क्रेमर, पॉल ग्लेवे आणि सिल्व्ही मूलाँ या अभ्यासकांनी पुस्तके मिळालेल्या व न मिळालेल्या शाळांची तुलना केली. सरासरी गुण वाढलेच नव्हते! जी मुले आधीपासून पुढे होती, तेवढ्यांनाच लाभ झाला होता. कारण शोधू जाता असे दिसले की, पुस्तके इंग्रजीत होती. मुलांची घरची बोली एक, व्यवहाराची स्वाहिली दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा. अभ्यासक्रमही मूठभर हुशार, सुस्थित मुलांच्या मापाने बेतलेला. पुस्तक हाती आले, परंतु बहुसंख्य मुलांना ते वाचता येत नव्हते. परकीय राजवट गेल्यानंतरही तिची भाषा वर्गात ठाण मांडून बसते, तेव्हा तिची किंमत कोण मोजतो, हे यातून आकड्यांनिशी पुढे आले.

क्रेमर यांची पूर्वपीठिकाही येथे लक्षात घ्यावी. त्यांना हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली १९९२ मध्ये. परंतु त्यापूर्वी, पदवी घेतल्यावर, ते केनियातीलच एका माध्यमिक शाळेत वर्षभर शिकवत होते. आधी खडू-फळा, मग प्रबंध. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बॅनर्जी-डुफ्लो यांच्या कार्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेचा 'बालसखी' उपक्रम चालू होता. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन बसे. आणि अक्षर-अंकांपासून पुन्हा आरंभ करी. २००१ ते २००३ या काळात याची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. महागडी साधने नव्हती. मूल जेथे अडले आहे, तेथून त्याला पुढे नेले एवढेच. अर्थात दोन वर्षांत मोजता येते तेवढेच अशा प्रयोगांच्या हाती लागते. शाळेतून संस्कार कोणते होतात, हे त्यात उतरत नाही. असो.

अशा अध्ययनासाठी परदेशीच जावे लागते, असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी येथे जन्मलेल्या जे. पी. नाईक यांनी स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला, धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात लोकशिक्षणाचे काम केले आणि नंतर १९४८ मध्ये शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अध्ययनासाठी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था उभी केली. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिवपद त्यांच्याकडे आले, ते या साऱ्या तपश्चर्येनंतर. ही संस्था पुढे, १९७६ मध्ये, पुण्यास आली.

आज प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या तरुणाने जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत एक वर्ष काढावे. प्रबंध इंग्रजीत लिहावा लागला, तर त्याचा सारांश तरी मराठीत करून, ज्या गुरुजींच्या वर्गात बसून माहिती गोळा केली, त्यांच्या हाती तो प्रथम द्यावा. कोठे चुकले, ते तेच सांगू शकतील.