चित्र झाकून ऐकलेले रामायण

रामायण आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. चैत्र लागला, की आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव रामनवमीच्या कीर्तनाची तयारी सुरू होते. देवळापुढे मांडव पडतो, पखवाजाला कणीक लागते, आणि वनवासाचा प्रसंग आला की बायाबापड्या पदराने डोळे पुसतात. ही कथा कशी संपते हे त्यांना ठाऊक नसते असे नाही. तरी पाणी येते. ते कथेने येते की सुराने, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलेला आहे, आणि त्याचे थोडेसे उत्तर मला एका जपानी चित्रपटात सापडले, असे सांगितले तर आपण हसाल. माझे चुलते तर हसलेच. ते कीर्तनकार. ‘कार्टूनमधला राम तुझा तुलाच लखलाभ,’ एवढे बोलून त्यांनी विषय संपवला.

त्यांना दोष का द्यावा? हलत्या चित्रांचा चित्रपट म्हणजे पोरांचा खेळ, हा समज आपल्याकडे पक्का आहे. जपानात या चित्रपटांना ‘अॅनिमे’ म्हणतात, आणि ते मोठी माणसेही गंभीरपणे पाहतात. आपल्या ओळखीचा एक अॅनिमे म्हणजे ‘जंगल बुक’. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर तो लागायचा. ज्या घरी टीव्ही असेल त्या घराच्या ओसरीत सगळी आळी जमायची. आज त्या पोरांना मालिकेतला एकही प्रसंग धड सांगता येत नाही; पण शीर्षकगीत? ते अजून तोंडपाठ! मालिका जपानी, गीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची. चित्र विसरले आणि सूर राहिला, ही गोष्ट आपण जरा लक्षात ठेवा.

आता माझ्या विषयाकडे वळतो. १९८३ साली युगो साको नावाचे एक जपानी गृहस्थ उत्खननावरच्या माहितीपटाच्या कामासाठी भारतात आले. इथे रामकथेने त्यांना असे धरले, की त्यांनी तिचे जपानी अनुवाद वाचून काढले आणि रामायणावर चित्रपट करायचा ध्यास घेतला. परदेशी माणसाने आमचा राम रंगवावा का, म्हणून इथे विरोधही झाला. अखेर कोइची सासाकी आणि आपले मुंबईचे राम मोहन यांच्या जोडीने त्यांनी तो पुरा केला. हे राम मोहन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात वाढलेले, भारतीय चलच्चित्रकलेतले अध्वर्यू. १९९२ साली चित्रपट तयार झाला. संवाद इंग्रजी आणि गाणी मात्र संस्कृत, असा त्याचा मूळ घाट! पुढे हिंदी आवृत्ती निघाली, तिच्यात गाण्यांचे शब्दही हिंदी झाले. २०२५ च्या जानेवारीत तो नव्याने स्वच्छ करून आपल्याकडच्या चित्रपटगृहांत दाखवला गेला.

या चित्रपटाचे संगीत जपान्याचे नाही. ते वनराज भाटिया यांचे आहे. १९२७ साली मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, मग पॅरिसला नादिया बूलांजे या थोर गुरूंपाशी बसले. परत येऊन दिल्ली विद्यापीठात त्यांनी पाश्चात्त्य संगीत शिकवले, आणि पोटासाठी जाहिरातींच्या चाली बांधल्या, त्याही हजारोंनी. श्याम बेनेगलांचे ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ हे चित्रपट आपण पाहिले असतील, तर भाटियांना आपण ऐकलेच आहे. आणि १९८८ सालची ‘भारत एक खोज’ ही मालिका! तिच्या आरंभी ऋग्वेदातले नासदीय सूक्त समूहस्वरात येत असे. ते ऐकताना जेवणाऱ्यांचा घास हातात राहिलेला मी पाहिला आहे. त्या सूक्ताचा हिंदी अनुवाद वसंत देव यांचा. ‘घाशीराम कोतवाल’ हिंदीत नेणारे, ‘सारांश’च्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे हेच ते वसंत देव. चार वर्षांनी हीच जोडी रामायणात भेटते: संस्कृत गीते देवांची, स्वर भाटियांचे. तेव्हा ‘जपानी रामायण’ हे नाव मला निम्मेच खरे वाटते. कान मिटून पाहाल तर जपानी, डोळे मिटून ऐकाल तर आपले.

डोळे मिटून, हे मी शब्दालंकार म्हणून म्हणत नाही. आमच्या भागात दिवाळी सरली, की माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. बैलगाडीत नाहीतर ट्रकवर संसार चढतो आणि गावे ओस पडतात. ज्यांची पोरे मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे चालतात. अशाच एका वसतिगृहात मी काही दिवस संध्याकाळी गोष्टी सांगायला जात असे. एकदा मी हा चित्रपट मोबाईलवर लावला आणि पडद्यावर रुमाल टाकला. पोरांनी कालवा केला. ‘गुरुजी, दिसंना की!’ म्हटले, दिसायचे नाहीच. ऐका, आणि काय चालले आहे ते मला सांगा.

थोडा वेळ कुणी काही बोलेना. मग वानरसेना सेतू बांधते ते समूहगीत लागले. भाषा कुणाला कळत नव्हती. पण पुष्कळ माणसे मिळून गातात, ताल थांबत नाही, आणि सूर चढत्या वाटेने वर जातो, एवढे तर कानांना कळतेच. मागे बसलेला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, ‘मोळ्या भरायलेत.’ मी विचारले, कशावरून? तो म्हणाला, ‘फळीवरून ट्रकात चढताना असंच वाटतंय. मधीच थांबलं तर मोळी पडती. म्हणून थांबत न्हाईत ते.’ त्याने मागल्या हंगामात आईच्या मागे उभे राहून ते पाहिले होते. त्या दिवशीही त्याची आई कुठल्यातरी कारखान्याच्या फडात होतीच. पोरगा एवढे बोलला आणि गुडघ्यात डोके घालून बसला. मी रुमाल काढला नाही.

वाचकहो, या मुलाने जे केले त्यालाच मी रसग्रहण म्हणतो. राग कोणता, वाद्य कोणते, हे नंतरचे. हे गाणे श्रमाचे आहे आणि त्या श्रमाला थांबण्याची मुभा नाही, एवढे त्याने शब्दांवाचून ओळखले. दगड उचलणारा आणि मोळी उचलणारा यांचा श्वास एकच असतो, आणि भाटियांनी तो श्वास तालात धरला.

नंतरचे म्हणजे काय, तेही थोडे सांगतो. आपले भजन एकाच चालीचे. बुवा म्हणतो, टाळकरी तेच उचलून धरतात. पाश्चात्त्य समूहगानात निरनिराळे स्वर एकाच वेळी चालतात, आणि आपल्या कानाला पहिल्यांदा तो गोंधळ वाटतो. अशी कल्पना करा, की एका जात्यावर दोन बायका बसल्या आहेत. आपल्याकडे एकीने ओवी म्हणायची, दुसरीने झेलायची, अशी रीत. त्याऐवजी दोघींनी दोन वेगळ्या ओव्या एकदमच म्हटल्या, आणि तरी जात्याचा फेरा चुकला नाही, तर जे होईल ते या संगीतात होते. भाटियांचे कसब असे, की संस्कृत मंत्रघोष आणि हा अनेक स्वरांचा मेळ त्यांनी एका फेऱ्यात बसवला. एखाद्या ठिकाणी वाद्यवृंद जरा जास्त भरजरी होतो, शब्द दबतात, हेही मला वाटते. लढाईच्या प्रसंगात तर नगाऱ्यांची थोडी दयाच करायला हवी होती.

पार्श्वसंगीत आपल्याला नवे आहे असेही कुणी समजू नये. अंबाजोगाईच्या योगेश्वरीपुढे गोंधळी कथा लावतात तेव्हा संबळ काय करतो? कथेकरी श्वास घेतो तेवढ्यात तो बोलून जातो. तुणतुणे तर सबंध वेळ एकच स्वर धरून बसते, पण ते थांबले की कथा उघडी पडते.

जपानात या संगीताचा मान मोठा. तिथे पुष्कळदा चित्रपट पुरा होण्याआधीच संगीतकार कल्पनेवरून एक अल्बम करतो. त्याला ‘इमेज अल्बम’ म्हणतात. जो हिसाइशी यांनी ‘नौसिका’ या चित्रपटासाठी असा अल्बम १९८३ साली केला, चित्रपट आला १९८४ साली. म्हणजे आधी सूर, मग चित्र! आणि आपल्या रामायणाचे काय झाले पाहा. पुढे अमेरिकेत त्याची कापून आखूड केलेली आवृत्ती निघाली, तेव्हा तिला अॅलन हॉवर्थ यांचे संगीत जोडण्यात आले. चित्रे तीच, राम तोच; पण स्वर पालटला की माणूसही पालटतो. हे मला खटकते. भाटिया २०२१ च्या मे महिन्यात वारले. २०१२ साली पद्मश्री मिळालेल्या या माणसाचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेल्याचे वर्तमानपत्रांतून आले होते.

चुलत्यांचे सांगायचे राहिले. मी त्यांना पुन्हा कधी आग्रह केला नाही. पण एका रामनवमीला मांडवामागे मी सेतूचे ते गाणे हळू आवाजात लावले होते. ते पखवाज लावत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारले, ‘कोण गातंय रे?’ म्हटले, वानरं. ते काही बोलले नाहीत. गाणे संपले तेव्हा म्हणाले, ‘परत लाव. पखवाज जुळवून बघतो.’