घराच्या व्यवहारात आपला वकील



फ्लॅट घ्यायला निघालेल्या माणसाभोवती वकिलांची वाण नसते. बिल्डरच्या फाइलला त्यांच्या वकिलाचा टायटल रिपोर्ट लावलेला असतो. बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च घेतो. एजंट सांगतो, "काका, कागदपत्रांचं आमचे वकीलसाहेब बघतील." तिघे असताना चौथ्याची फी कशाला, असा हिशेब आपण मांडतो. या तिघांपैकी एकही तुमचा नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

बँकेचा अहवाल घ्या. त्याचे पैसे बहुधा तुमच्याकडूनच जातात, पण अहवाल लिहिलेला असतो बँकेला. वकिलाला विचारलेला प्रश्नही बँकेचाच: या तारणावर कर्ज द्यावं का? पार्किंग नेमकं कोणतं, ताबा लांबला तर काय, जमीन सोसायटीच्या नावे झाली का, ही काळजी तुमची.

बिल्डरच्या वकिलाचा रिपोर्ट महारेराच्या संकेतस्थळावर सापडतो. तो जरूर वाचा. त्यात "आमच्यासमोर ठेवलेल्या कागदपत्रांच्या आधारे" अशा अर्थाचं वाक्य बहुतेक असतंच. समोर काय ठेवलं नाही, हे विचारणारं माणूस तुमच्या बाजूचं हवं.

ते काय विचारतं? समजा, सातबारावर दोन भावांची नावं आहेत आणि त्यांनी जमीन बिल्डरला दिली आहे. वरवर सगळं स्वच्छ. तुमचा वकील तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोन चाळतो, जुने फेरफार काढतो. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात दोन बहिणीही वारस दिसतात. पुढच्या फेरफारात त्यांची नावं कमी झालेली. कशाच्या आधारे? तलाठ्यापुढच्या एका जबाबाच्या. नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नाही. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. बहिणींनी उद्या दावा लावला, तर हप्ते तुमचे चालू आणि घर वादात. अशा वेळी तुमचा वकील बहिणींच्या सह्या आणायला लावतो आणि वर्तमानपत्रात हरकती मागवणारी जाहीर नोटीस देतो.

विकणाऱ्यालाही हाच सल्ला. टोकनच्या पावतीत मुदत काय, पूर्ण रक्कम हाती येण्याआधी किल्ली द्यायची का, हे त्याच्या बाजूने कोणी तरी वाचायला हवं. मुलगा परदेशात आणि व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर असेल, तर दुप्पट काळजी. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे.

"दोघांचा एकच वकील, खर्च वाचेल," असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचं काम घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे.

मग निवडायचा कसा? सरळ विचारा: या बिल्डरची किंवा एजंटची कामं तुमच्याकडे आहेत का? सर्च तुम्ही स्वतः तपासणार ना? अहवाल माझ्या नावे, सहीनिशी मिळेल ना? फी आधी लेखी ठरवा, आणि व्यवहार मोडला तरी ती द्या. "हे घर घेऊ नका" असं सांगून ज्याची फी बुडते, तो तसं सांगेल कशाला? सनदेची खात्री महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते.

ही चौकशी आधीच करायची, याला कारण आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला. सल्ला चुकला तर बार कौन्सिलकडे तक्रार किंवा दिवाणी दावा, एवढेच मार्ग उरतात.

रेरा कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पण ते 10 टक्केही तुमच्या घामाचेच आहेत. म्हणून टोकनचा चेक फाडण्याआधी वकील गाठा, नंतर नव्हे.