जुनी अक्षरे, नवे घर

तुमच्या शाळेत वीस वर्षांपूर्वी टंकलेली एखादी मराठी फाईल असेल. आज ती उघडली, की मराठीऐवजी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर गेला का? नाही. पुण्यात तयार झालेली श्रीलिपी घ्या किंवा शिवाजी फाँट घ्या. त्यांत आपली अक्षरे रोमन चिन्हांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिने देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले.

मग जुने नव्यात कसे न्यावे? त्यासाठी काही जाणत्यांनी रूपांतराची साधने रचून सर्वांना मोफत खुली केली. पण नुसत्या अदलाबदलीने भागत नाही. जुन्या फाँटात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर साठवतात. ‘तर्क’मधल्या रफाराचे याच्या उलट! म्हणून साधनाइतकेच मोल टिपणाला आहे: फाँट कोणता, कोणते जोडाक्षर बिघडले, ते कसे सुधारले.

तेव्हा मूळ फाईल जपा, रूपांतर छापील प्रतीशी ताडून पाहा आणि आढळलेल्या चुका लिहून इतरांस कळवा. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे खरे. पण पुढच्याने ती ठेच सांगितली तरच!