अंगठीचे ऋण



अंधेरीच्या मोहन स्टुडिओत के. आसिफ यांनी ‘मुघल-ए-आझम’साठी जो शीशमहाल उभारला तो पुरा व्हावयास दोन वर्षे लागली, आणि १९६० साली चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून लोक त्या आरशांचीच वाखाणणी करीत आले आहेत, परंतु कथानकाच्या रचनेचा विचार करू लागलो की माझे लक्ष त्या महालावरून ढळते आणि आरंभीच्या एका अंगठीवर जाऊन ठरते. पुत्रजन्माची वार्ता आणणाऱ्या दासीला अकबर हर्षभराने अंगठी देतो आणि ‘मागशील ते देईन’ असे वचन देतो. प्रेक्षकाला त्या घटकेस दिसते ते केवळ शहेनशहाचे औदार्य. आपल्यादेखत एक दस्तऐवज लिहिला गेला, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. पुढे त्याच दासीची कन्या अनारकली भिंतीत चिणली जाण्याची वेळ येते, तेव्हा ती माता हुजुरात रुजू होऊन त्या वचनाची वसुली मागते.

आरंभी पेरून अखेरीस वसूल करण्याचे हे कसब आपल्याकडे फार जुने आहे. भरतमुनींनी नाट्याच्या आरंभी ‘बीज’ आणि अखेरीस ‘निर्वहण’ सांगितले. आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ज्याला मराठी संगीत रंगभूमीवर आणले, त्या ‘शाकुंतला’तली अंगठी तर सर्वांच्या परिचयाची आहे. ती दुर्वासांच्या शापापासूनच कामी येते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः कालिदासाने ती पहिल्याच अंकात पुढे केली आहे: झाडांना पाणी घालण्याचे शकुंतलेवर चढलेले लटके ऋण फेडण्यासाठी दुष्यंत ती देऊ करतो, आणि तिच्यावरील नाममुद्रा वाचून दोघी सख्या एकमेकींकडे पाहतात. थट्टेच्या प्रसंगात अंगठी आपले तेथले काम करून जाते, आणि म्हणूनच सहाव्या अंकात ती धीवराच्या हाती सापडते तेव्हा कवीने ती मुद्दाम पेरली होती असा संशय कोणास येत नाही. महाभारतात ही अंगठी नाहीच. तेथे आकाशवाणी होते आणि शकुंतलेचा स्वीकार होतो. कथानकाच्या दृष्टीने ती तजवीज लंगडी होय.

नवोदित लेखक बीज पेरतात, परंतु त्याला त्या प्रसंगात दुसरे कामच देत नाहीत. मग ते रिकामटेकडे उभे राहते आणि चाणाक्ष वाचक लगोलग ओळखतो. फेडीतही ते चुकतात, ती पुरती करून टाकतात. ‘मुघल-ए-आझम’मध्ये अकबर वचन पाळतो, अनारकलीला गुप्तपणे जाऊ देतो, परंतु ती जिवंत असल्याचे सलीमला कधीही कळू नये ही अट घालतो. अंगठीने प्राण वाचले, प्रीती वाचली नाही. पुरी फेड झाली असती तर शोकांतिकेचा विवाहसोहळा झाला असता.

रेडिओसाठी श्रुतिका लिहिणाऱ्याची अडचण याहून निराळी. त्याची अंगठी कोणास दिसत नाही, आणि श्रोत्याला मागचे पानही उलटता येत नाही; तेव्हा तिचा उच्चार त्याने निदान दोनदा करावा, आणि दोन्ही वेळा तो अशा पात्राच्या तोंडी घालावा, ज्याला त्या क्षणी दुसऱ्याच गोष्टीची घाई आहे.