पाण्यात मासे सोडताना: फ्लाय फिशिंग, पवई आणि खुदरीची गोष्ट

मध्येच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या, दारूखाना जवळच आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर पाहिलेला असणार. परदेशातला एखादा मोठा तलाव, गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस, डोक्यावरून पुढे-मागे लहरणारी लांब दोरी, आणि मग पाण्यातून उसळणारा चकचकीत मासा. याला म्हणतात फ्लाय फिशिंग. मासा असतो ट्राउट. आणि तलाव बहुतेक वेळा माणसाने बांधलेला, मासेही माणसानेच आणून सोडलेले. आज याच सोडण्याबद्दल बोलू.

आधी फ्लाय म्हणजे काय ते पाहू. कोकणातले आपले आजोबा गरवायला जायचे, तेव्हा गरीला कोलंबीचा तुकडा नाहीतर गांडूळ लावायचे आणि दोरीला शिशाचं वजन. वजन फेकलं की दोरी त्याच्या मागून जायची. फ्लायमध्ये सगळं उलटं. गरीवर पिसं आणि धागे गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार असते. तुम्ही दोरी फेकता आणि किडा तिच्या मागून जातो. ती दोरी हवेत लहरते ना, ती दिखाव्यासाठी नाही. त्याशिवाय किडा लांब जाणारच नाही.

तलावाच्या काठावरून हे करायचं तर पाणी वाचायला लागतं. नदीत मासा एका जागी थांबतो आणि प्रवाह त्याला खाणं आणून देतो. तलावात प्रवाह नसतो, त्यामुळे मासाच खाण्याच्या शोधात फिरतो. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे किडे गोळा होतात, आणि त्यांच्या मागे मासे येतात. नवखा माणूस वारा पाठीवर घेऊन उभा राहतो, कारण फेकायला सोपं जातं. जाणकार बरेचदा वाऱ्याच्या समोर उभा राहतो. सकाळी लवकर आणि संध्याकाळी मासे काठाजवळ येतात. तेव्हा जोर लावून लांब फेकण्यापेक्षा पाय न आपटता गुपचूप उभं राहिलेलं बरं.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराजवळ ब्लॅगडन नावाचा तलाव आहे. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. तिथे 1904 पासून काठावरून ट्राउट पकडतात. तलावातल्या ट्राउट मासेमारीची सुरुवात सांगताना बरेच जण याच तलावाचं नाव घेतात.

आता तुम्ही विचाराल, मग पवईत ट्राउट का नाही? कारण साधं आहे. ट्राउटला थंड पाणी लागतं. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मुंबईच्या मे महिन्यात तो तग धरणार नाही. म्हणून भारतात ट्राउट आहे तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड जागी. काश्मीरमध्ये तो 1900 साली ब्रिटनमधून आणला गेला. म्हणजे तिथेही तो पाहुणाच.

पण आपल्या पवईची गोष्ट ब्लॅगडनशी जुळते. पवई तलाव 1891 साली बांधला गेला, तोही मुंबईच्या पाण्यासाठीच. थोड्याच काळात ते पाणी पिण्यालायक नाही असं ठरलं. पुढे तलाव गळ टाकणाऱ्यांचा झाला. भायखळ्याहून स्लो लोकल पकडून कांजूरमार्गला उतरलात की तिथून पवई जवळ. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही जुनी संस्था तिथेच काठावर आहे. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, अशा तलावांत सोडतात. पण आज तलावासमोरचा प्रश्न मासे सोडण्याचा नाही, पाण्याचा आहे. नाल्यांतून सांडपाणी येतं, त्यावर जलपर्णी पसरते, पाण्यातला प्राणवायू घटतो. अशा पाण्यात कितीही बोटुकली ओता, उपयोग काय?

आता लोणावळ्याला जाऊ. टाटांनी तिथे धरणं बांधली. त्या पाण्यावर 1915 मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. आपल्या भागातल्या किती घरांची चूल त्या गिरण्यांवर पेटायची, हे वेगळं सांगायला नको. मात्र धरणांमुळे नद्या अडल्या आणि महसीरची वाट बंद झाली. महसीर म्हणजे आपल्याकडचा मोठ्या खवल्यांचा, ताकदवान नदीमासा. त्याच्या दख्खनी जातीचं शास्त्रीय नाव आहे टॉर खुदरी. त्यातला 'खुदरी' हा शब्द मराठी आहे. विल्यम साइक्स नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे अभ्यासले, इथल्या लोकांनी सांगितलेली नावं तशीच वापरली आणि 1839 मध्ये ती शास्त्रात नोंदवली. आजही जगभरचे अभ्यासक आपलाच शब्द वापरतात.

ही खुदरी घटायला लागली, तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यतज्ज्ञांनी 1970 च्या सुमारास लोणावळ्याच्या पाण्यात तिच्या कृत्रिम प्रजननावर काम केलं. टाटांच्या वळवण इथल्या केंद्रात लाखो पिल्लं तयार झाली आणि वेगवेगळ्या राज्यांना दिली गेली. पूर्वी 'धोक्यात' म्हणून नोंदलेली खुदरी आज जागतिक यादीत त्या गटात नाही. हे मोठं काम आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण गोष्ट इथे संपत नाही. ही पिल्लं कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा महसीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, 50 किलोंच्या वर वाढणारा, जगभरचे गळ टाकणारे ज्याच्यासाठी यायचे तो. पुढे अभ्यासकांनी गळ टाकणाऱ्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. त्यात दिसलं की खुदरी वाढत गेली आणि उंचवट्याचा महसीर कमी होत गेला. त्याला नेमकं शास्त्रीय नाव, टॉर रेमादेवी, 2018 मध्ये पक्कं झालं. तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणं आहेत. पण चांगल्या मनाने सोडलेला परका मासा हेही त्यातलं एक कारण मानलं जातं.

ब्रिटनच्या तलावांत सोडलेला रेनबो ट्राउट तिथे सहसा प्रजा वाढवत नाही, दरवर्षी नवा आणून टाकावा लागतो. म्हणजे चूक झाली तर थांबता येतं. कावेरीत खुदरीने घर केलं. आता तिला बाहेर काढणार कोण?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मासा सोडणं हे आपोआप पुण्य होत नाही. कुठला मासा आणि कुठल्या पाण्यात, हे आधी विचारायला हवं. आपल्याकडे याचं जुनं शहाणपणही आहे. महाडजवळ वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ तिळसेश्वराला महसीर देवाचे मासे म्हणून राखले जातात. तिथे कोणी बाहेरून मासा आणून ओतला नाही. डोह राखला, मासा पकडायचा नाही हे ठरवलं, आणि मासा टिकला.

हे तुमच्यापर्यंतही येतं बरं का. क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेने आणलेला सकर मासा टाकीत मावेनासा झाला की कोणी तो तलावात सोडून देतं. जीव वाचवला असं वाटतं. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, तोच काटेरी सकर आज त्यांची जाळी फाडतोय. असा मासा दुकानात परत द्या, नाहीतर दुसऱ्या हौशी माणसाला द्या. पण तलावात नको.

आणि गळ टाकायचाच असेल तर जरूर शिका. परवानगी घेऊन जा, पवईच्या पाण्यात मगरी आहेत म्हणून पाण्यात उतरू नका, तुटलेली दोरी काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकते. पकडलेला मासा परत सोडणार असाल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो.

तुमच्या गावच्या तळ्यात किंवा धरणात कुठले मासे आधीपासून होते आणि कुठले नंतर आले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला व्हॉइस नोटवर पाठवा. त्यांनी सांगितलेली नावं जशीच्या तशी सांगा, सुधारू नका. साइक्सनेही तेच केलं होतं.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!