कांदा, कर आणि सभागृह

कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २६५ सांगते. मी कवी माणूस; मला ते वाक्य आवडते. पण १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याचे कलम ८ म्हणते, तातडी वाटली तर केंद्र सरकारने नुसत्या अधिसूचनेने निर्यात शुल्क लावावे. संसद बसलेली नसेल, तर पुन्हा भरल्यापासून सात दिवसांत ती अधिसूचना सभागृहांपुढे ठेवावी आणि लोकसभेत ठेवल्यापासून पंधरा दिवसांत संमतीचा ठराव मांडावा.

२०२३ चे पावसाळी अधिवेशन ११ ऑगस्टला संपले. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के शुल्क आले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. संसदेला असे शुल्क नंतर बदलता येते, रद्दही करता येते. मात्र तोवर झालेली वसुली वैधच राहते. लगाम आहे हो, पण घोडा वेशीबाहेर गेल्यावर हाती येणारा! आणि चाळीतला कांदा अधिवेशनासाठी थांबत नाही, त्याला कोंब फुटतात. कांद्यावरचे निर्यात शुल्क अखेर १ एप्रिल २०२५ ला उठले.

माझे मागणे लहान आहे. ही मुदत अधिवेशनापासून नव्हे, अधिसूचनेच्या तारखेपासून मोजा. तेवढ्यात संमती नाही मिळाली, तर घेतलेला पैसा परत करा.